खिशात ३४० रुपये आणि महिना संपायला ११ दिवस: विद्यार्थ्याच्या बजेटमधून शिकायचा कॅश फ्लो

मागच्या व्हिडिओत आपण ‘दुकान टाकायला किती भांडवल लागतं’ हे बघितलं होतं. त्यानंतर तीन-चार दिवसांनी रात्री साडेदहाला मला एक फोन आला. मुलगा खांडबाऱ्याकडचा, पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाला, “दादा, तुमचा व्हिडिओ बघितला. मी कॉलेज सोडतोय. विसरवाडीत नाहीतर नवापूरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकतो. किती पैसे लागतील?”

मी विचारलं, आत्ता खिशात किती आहेत? म्हणाला, ३४०. आणि महिना संपायला ११ दिवस होते.

खरं सांगतो, मला झोप लागली नाही. कारण त्या व्हिडिओत मी जोरात म्हणालो होतो की धंद्याला डिग्री लागत नाही. वाक्य खोटं नाही. पण ऐकणारा माणूस कोणत्या दिवशी ऐकतोय, हे मी धरलंच नव्हतं. ज्याची मेस बंद व्हायची वेळ आली आहे, त्याच्या कानावर ते वाक्य ‘सोड सगळं आणि ये’ असंच पडणार. म्हणून आजचा धडा त्या पोराच्या हिशोबावर. त्याला विचारून लिहितोय, आकडे त्याचेच आहेत, नाव लिहीत नाही.

तुम्ही विद्यार्थी नसाल तरी पूर्ण वाचा. दोन महिन्यांच्या हप्त्याची वाट बघणारा विद्यार्थी आणि दोन महिन्यांच्या उधारीची वाट बघणारा दुकानदार, दोघांचं दुखणं एकच असतं.

आधी माझी गोष्ट, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल

मी २००९ ला बीबीए करायला पुण्याला गेलो. घरी तीन एकर, भात आणि तूर. आपल्या नवापूरच्या तूरडाळीला आज जीआय मानांकन आहे, तेव्हा नव्हतं, पण चव हीच होती. तूर निघणार जानेवारी-फेब्रुवारीत, विकली जाणार मार्चपर्यंत, आणि कॉलेजची फी भरायची जून-जुलैत. वडिलांच्या हातात पैसा वर्षातून एकदा-दोनदा यायचा. माझा खर्च रोज सकाळी उठायचा.

शासकीय वसतिगृहात माझा नंबर लागला नाही. मग कॉट बेसिसवर खोली. ज्यांनी पुणं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतली एक कॉट भाड्याने मिळते. एका खोलीत चार कॉट, चार पेट्या, एक पंखा. कॉटचे ९००, मेसचे १,३००, बाकी बसचा पास, झेरॉक्स, मोबाईल. २,८०० च्या आसपास महिना जायचा. घरून यायचे ते कधी ३,०००, कधी १,५००, आणि कधी निरोप.

आता मी बीबीएचा विद्यार्थी. म्हटलं धंदा करू. दिवाळीला गावी आलो तेव्हा ओळखीतून ४० किलो तूरडाळ घेतली. एसटीचं सामान भाडं धरून मला किलोला ५८ ला पडली. पुण्यात कॉलनीत आणि मित्रांच्या घरी ७५ ला विकायची. किलोमागे १७ रुपये, ४० किलोला ६८० नफा. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. फार भारी वाटलं.

डाळ आठ दिवसांत संपली. पण १४ किलो रोखीत गेली आणि २६ किलो उधारीत. “पुढच्या महिन्यात देतो रे,” असं म्हणणारे सगळे ओळखीचे. नाही कसं म्हणायचं?

आता बघा. माझे गेले २,३२०. हातात आले १४ किलोचे १,०५०. म्हणजे कागदावर ६८० नफा आणि खिशात १,२७० कमी. माझी मेस होती १,३०० ची. त्या महिन्यात मी धंद्यात नफा कमावला आणि मेसचे पैसे भरू शकलो नाही. १,९५० च्या उधारीतले १,२०० पुढच्या चार महिन्यांत तुकड्या-तुकड्याने आले, ७५० बुडाले. शेवटी निव्वळ तोटा ७० रुपये. ७० रुपयांत मी जे शिकलो ते तीन वर्षांच्या लेक्चरमध्ये मला कळलं नसतं, असं मी गमतीने म्हणतो. पण तेव्हा गंमत नव्हती. अकरा दिवस एक वेळ जेवलो, दुसऱ्या वेळी पारले-जी आणि चहा.

माझ्या खोलीतला एक जण, साक्री तालुक्यातला, माझ्यापेक्षा हुशार, दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात गेला तो आलाच नाही. परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नव्हते आणि मागायची लाज वाटली. रक्कम दोन हजाराच्या आतली होती. आम्हाला कळलं ते फॉर्मची तारीख गेल्यावर. तो विषय मी व्हिडिओत कधी काढत नाही. आज काढला, कारण फोनवरच्या पोराचा आवाज तसाच होता.

शिष्यवृत्ती आहे की. मग अडचण कुठे?

हा प्रश्न मला दुकानात बसलेले लोक नेहमी विचारतात. “सरकार देतं की पैसे, मग पोरं रडतात कशाला?” त्यांना मी भागाकार करून दाखवतो.

आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना २०१६-१७ पासून आहे. बारावीनंतर शिकणाऱ्या, आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या मुलामुलींना जेवण, राहणं आणि किरकोळ खर्चासाठी थेट खात्यात रक्कम मिळते. माझ्या वेळी ही नव्हती. असती तर डाळीचा उद्योग कदाचित केलाच नसता. योजना आली तेव्हा ठरलेले आकडे असे: पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,०००, म्हणजे भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. धुळे-जळगावसारख्या इतर महापालिकांच्या शहरांत ५१,०००. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे, आणि शेतकरी-मजुरांच्या इतर मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. तुम्हाला कोणती लागू आहे आणि चालू वर्षी किती मिळते, ते अर्ज करतानाच कार्यालयातून लिहून घ्या. आपल्याकडे नवापूर तालुक्याला नंदुरबारचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय लागतं.

साठ हजार ऐकायला मोठे वाटतात. आता दहा महिन्यांनी भागा. भोजनाचे महिन्याला ३,२००, म्हणजे दिवसाला १०६ रुपये, एका जेवणाला ५३. त्यात सकाळचा नाश्ता नाही, चहा नाही. राहण्याचे महिन्याला २,०००. निर्वाह म्हणजे बस, रिचार्ज, झेरॉक्स, साबण, औषध, सगळं मिळून महिन्याला ८००. आता सांगा, यात चैन कुठे बसते?

पण खरी मेख रकमेत नाही, तारखेत आहे. पैसा हप्त्याने येतो, आणि हप्ता कधी वेळेवर येतो, कधी नाही. मेसवाली काकू मात्र पाच तारखेला दारात उभी असते.

हे भांडण नवीन नाही. एप्रिल २०१८ मध्ये शासनाने ठरवलं की आदिवासी वसतिगृहातली मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यावर टाकायचे, मोठ्या शहरात महिन्याला ३,५०० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ३,०००. जुलै २०१८ मध्ये पोरं पुण्याहून नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली. सिन्नरच्या अलीकडे पोलिसांनी त्यांना अडवलं. बाहेरच्या लोकांना प्रश्न पडला, रोख पैसे मिळतायत तर मोर्चा कशाला? दुकानदाराला हा प्रश्न पडायला नको. शंभर जणांची एक मेस पोत्याने तांदूळ आणते, डब्याने तेल आणते. एकटं पोरगं पावशेर-पावशेर आणतं. त्याच मालाला तो जास्त पैसे देतो. आणि मेस असली की ताट रोज येतं, पैसा असला की ताट हप्त्यावर अवलंबून. शासनाची बाजूही मला पटते थोडी. ठेकेदाराच्या जेवणाच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, मित्रांच्या वसतिगृहात मीही तसलं जेवलो आहे. पण रोख रक्कम ही ताटाच्या बरोबरीची तेव्हाच, जेव्हा ती पाच तारखेच्या आत येते.

तूट वेगळी, उशीर वेगळा

आता त्या पोराचा हिशोब. फोनवर मी त्याला म्हटलं, रडून घे पाहिजे तर, मग वही घे. त्याने सांगितलेला खर्च असा:

खोली २,५०० (चौघांत), मेस ३,०००, नाश्ता-चहा ९००, बस ६००, रिचार्ज ३००, वह्या-झेरॉक्स ३००, बाकी ४००. बेरीज ८,००० महिना.

येणं: स्वयंचे वर्षाला ६०,०००, दहा महिन्यांनी भागले तर ६,०००. घरून मोठा भाऊ १,००० पाठवतो. तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत असतो, त्यामुळे त्याहून जास्त मागायचं नाही, हे पोराने स्वतःच ठरवलंय. बेरीज ७,०००.

म्हणजे तूट किती? महिन्याला १,०००. फक्त.

मग पोरगं बुडतंय कशाने? दोन महिने हप्ता आलेला नाही. दोन महिन्यांचा खर्च १६,०००, घरून आले २,०००. खड्डा १४,००० चा. तो कसा भरला होता बघा: मेसचे दोन महिने थकले ६,०००, खोलीचा एक महिना २,५००, मित्रांकडून ३,९००, आणि एक गोष्ट त्याने शेवटी, खूप विचारल्यावर सांगितली, मोबाईलवरच्या लोन ॲपमधून १,६००.

या १४,००० च्या खड्ड्यात १२,००० उशिराचे आहेत, जे मिळणारच आहेत पण मिळालेले नाहीत. तुटीचे फक्त २,०००. पण आतून त्याला वाटत होतं, ‘मला शिक्षण परवडत नाही’. परवडत नाही हे वाक्य १,००० रुपयांपुरतं खरं होतं. बाकी सगळा उशीर होता. आणि महिना १,००० च्या तुटीवर औषध म्हणून तो कॉलेज सोडायला निघाला होता!

मित्रांनो, इथे जरा थांबा, कारण हाच आजचा मुख्य मुद्दा आहे. तूट आणि उशीर हे दोन वेगळे आजार आहेत. दोघांत खिसा रिकामाच दिसतो, म्हणून माणूस गोंधळतो. तूट म्हणजे येणं कमी, जाणं जास्त. त्याला औषध एकच, कमाई वाढवा नाहीतर खर्च कमी करा. तिथे कर्ज काढलं तर आजार पुढे ढकलला जातो, आणि व्याज वर बसतं. उशीर म्हणजे येणं पुरेसं आहे, पण नंतर आहे. तिथे मुदत मागणं, थोडी शिल्लक ठेवणं, गरजेला स्वस्त कर्ज घेणं, ही औषधं चालतात. तिथे धंदा बंद करणं म्हणजे ताप आला म्हणून हात कापणं.

माझ्या दुकानात येणाऱ्या नव्या व्यावसायिकांपैकी निम्मे जण मला म्हणतात, ‘दुकान चालत नाही’. वही बघितली की दुकान चालत असतं, उधारी चालत नसते. उरलेले म्हणतात, ‘फक्त थोडं भांडवल कमी पडतंय’. वही बघितली की प्रत्येक नगावर तोटा असतो. दोघंही उलटं औषध घेत असतात.

लोन ॲपबद्दल दोन शब्द, कडू

त्या पोराने २,००० चं कर्ज घेतलं. हातात आले १,६००, ४०० ‘प्रोसेसिंग’ म्हणून आधीच कापले. सात दिवसांत २,००० परत करायचे. १,६०० वर ४००, म्हणजे आठवड्याला २५ टक्के. आपल्या बाजारातला कडक सावकारसुद्धा एवढं म्हणायला लाजेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याने एकूण वार्षिक दर आधीच लेखी दाखवायला पाहिजे. तो कागद दाखवत नसेल तर तिथून उठा. कर्जाचा आकडा छोटा आहे म्हणून ते स्वस्त नसतं. उलट, छोटं आणि घाईचं कर्ज सगळ्यात महाग पडतं.

फेडायचा क्रम मी त्याला असा लावून दिला: आधी ॲप, कारण ते रोज वाढतं. मग खोली, कारण छप्पर गेलं तर बाकीचं काहीच जमत नाही. मग मेस. मित्र शेवटी, पण त्यांना आजच मेसेज करून तारीख सांगायची. धंद्यातही असंच असतं. सगळी देणी सारखी नसतात, आणि जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं हा नियम नाही.

मेसवाली काकू: खरी गुरू

हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा लांबवणार आहे.

माझ्या वेळच्या मेसमध्ये साधारण ६० पोरं जेवायची. काकू चौथी शिकलेल्या. पण त्यांचे नियम ऐका. पैसे पाच तारखेच्या आत, आगाऊ. खाडा धरायचा असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर खाडा नाही. रविवारी दुपारी फिस्ट, संध्याकाळी मेस बंद. पाहुणा आणला तर त्याचं कूपन वेगळं.

आम्ही पोरं या नियमांना शिव्या द्यायचो. बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला खेळतं भांडवल हा धडा आला तेव्हा डोक्यात दिवा लागला. ६० गुणिले १,३००, म्हणजे ७८,००० रुपये काकूंच्या हातात पाच तारखेला. आणि किराणावाल्याला त्या पैसे देणार वीस तारखेला, कारण तो त्यांना पंधरा दिवस देतो. म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा आधी, पुरवठादाराचा नंतर. बँकेत न जाता बिनव्याजी भांडवल. आदल्या दिवशी खाडा सांगायचा नियम का? कारण भाजी सकाळी येते. तुम्ही दुपारी सांगितलं तर तुमच्या वाटची भाजी आधीच चिरलेली असते. रविवारी संध्याकाळी बंद का? कामवाल्या बायकांना सुट्टी, आणि फिस्टचा जादा खर्च त्या एका वेळेत भरून निघतो. एक नियमसुद्धा उगाच नव्हता.

आता याच मेसला उशीर कसा लागतो बघा. ६० पैकी २० पोरांचा हप्ता आला नाही, तर २६,००० चं भोक. काकू किराणा पोत्याऐवजी किलोने आणतात, महाग पडतो. भाजी पातळ होते. चांगले पैसे भरणारी पोरं दुसऱ्या मेसला जातात. भोक आणखी मोठं. सरकारी कार्यालयात एक फाईल तीन आठवडे थांबली की तिचा धक्का असा भाजीच्या पातेल्यापर्यंत पोहोचतो. आणि इकडे विसरवाडीत माझ्या दुकानापर्यंतसुद्धा. पोराचा हप्ता थांबला की आई माझ्याकडून तेल उधार नेते, कारण रोख तिने पुण्याला पाठवलेली असते. माझ्या उधारीच्या वहीवरून मला कळतं की हप्ता आलाय की नाही.

म्हणून मी त्या पोराला म्हटलं, काकूंना टाळू नकोस. तो आठ दिवस मेसच्या दारावरून मान खाली घालून जात होता, जेवायला जायचं टाळत होता. हीच सगळ्यात महाग चूक आहे, आणि छोटे धंदेवाले सगळे करतात: पैसे नसले की होलसेलरचा फोन उचलत नाहीत. होलसेलर पैसे थकल्यामुळे तेवढा घाबरत नाही, माणूस गायब झाल्यामुळे घाबरतो. त्याला सांगितलं, अर्जाची प्रिंट घे, बँकेचं पासबुक घे, मागच्या वर्षी हप्ते कधी आले ते एका कागदावर लिही, आणि काकूंसमोर बसून सांग: आज ५०० देतो, पुढच्या महिन्याच्या दहापर्यंत १,०००, हप्ता आला की त्याच दिवशी उरलेले. ते ५०० त्याला भावाने जादा पाठवले. ॲपचे २,००० पण भावानेच, मुकादमाकडून उचल घेऊन. पोराला ते फार लागलं. लागायलाच पाहिजे, पण उपाय नव्हता.

हजार रुपयांची तूट

उशिराचं झालं. आता महिना १,०००.

इंटरनेटवर सगळे सांगतात, चहा सोडा, बाहेरचं खाणं सोडा, श्रीमंत व्हा. मला राग येतो. ज्याचा चहा-नाश्ता ९०० आहे त्याने तो पूर्ण बंद केला तरी १,००० भरत नाहीत, आणि पोरगं चक्कर येऊन पडेल. खर्च कमी करायचा असेल तर मोठ्या तीन गोष्टींकडे बघा: राहणं, जेवण, प्रवास. प्रवासात सवलती असतात आणि आपण घेत नाही. एसटीचा विद्यार्थी मासिक पास दोन तृतीयांश सवलतीत मिळतो. मुलींना आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. विसरवाडीहून नवापूर किंवा नंदुरबारला रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्यांनी हे आकडे कागदावर मांडून मगच शहरात खोली घ्यायची का ते ठरवावं. कधीकधी घरून येणं-जाणं स्वस्त पडतं, पण दिवसाचे तीन तास जातात. त्या तीन तासांची किंमतही धरा.

कमाईच्या बाजूला ‘कमवा आणि शिका’ आहे. ही कल्पना आपल्याच महाराष्ट्राची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. त्याआधी १९२४ पासून साताऱ्यात त्यांचं वसतिगृह चालायचं, आणि पोरांच्या जेवणाला पैसे नसताना लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मोठ्या माणसांनाही हीच अडचण होती, पोरांची भूक आजची आणि देणगी उद्याची. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि आपल्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात ही योजना कर्मवीरांच्या नावाने आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम. पैसे फार नाहीत. पण हजाराची तूट भरायला फार लागत नाहीत. अडचण अशी की नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते, आणि पोरं गरज पडल्यावर चौकशी करतात. या पोराचंही तेच झालं. पुढच्या सत्रासाठी नाव दिलंय.

मग मधल्या काळात? इथे त्याने मला चकित केलं. काकूंसमोर बसला तेव्हा त्यांनी विचारलं, तुला हिशोब येतो का? त्यांची साठ-सत्तर पोरांची खाड्यांची वही नेहमी चुकते, त्यावरून रोज भांडणं. आता हा रोज रात्री अर्धा तास खाडे लिहितो, आठवड्यातून दोनदा पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणायला जातो. बदल्यात मेसचे ३,००० ऐवजी १,८००. तूट भरून २०० वर. मी त्याला शिकवलेलं नव्हतं हे, त्याचं त्याने जमवलं. पैसे नसताना दुसऱ्याची कोणती डोकेदुखी आपण उचलू शकतो हे बघणं, धंद्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

मग दुकानाचं काय?

विचारलं त्याने पुन्हा. मी म्हटलं, टाक की. पण वर्षभराने. तोपर्यंत सुट्टीत कुणाच्या तरी रिपेअरिंगच्या दुकानात बस, हात बसव. भांडवलाला मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज आहे, ते कुठे पळून जात नाही. पण आज तू दुकान टाकलंस तर ॲपचं कर्ज, मित्रांची उधारी आणि घाबरलेलं मन घेऊन टाकशील. पहिलाच गिऱ्हाईक डिस्प्ले बदलून ‘पैसे सोमवारी देतो’ म्हणेल, आणि तू नाही म्हणू शकणार नाहीस. माझ्या डाळीसारखं.

आणि कॉलेज सोडलं की स्वयंची पुढची रक्कमही सोडली, हे लक्षात घे. पुढच्या दीड वर्षाचे ९०,००० तू महिन्याच्या हजारासाठी सोडणार होतास.

मी बीबीए केलं म्हणून माझं दुकान चांगलं चालतं असं अजिबात नाही. माझ्या शेजारी सातवी शिकलेला माणूस माझ्यापेक्षा चांगला धंदा करतो. मुद्दा डिग्रीचा नाही. मुद्दा हा की निर्णय तुम्ही घेताय की रिकामा खिसा घेतोय.

वही कशी लिहायची

बजेट महिन्याचं लिहू नका, आठवड्याचं लिहा. महिन्याचं बजेट बेरजेला जुळतं आणि बारा तारखेला उपाशी ठेवतं. एका पानावर चार रकाने: तारीख, येणार, जाणार, शिल्लक. पुढचे बारा आठवडे आधीच लिहून काढा. परीक्षा फॉर्म, सणाला गावी जाणं, पावसाळ्यात एकदा डॉक्टर, हे सगळं तारखेसह. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते तिथे लाल गोल करा. तो गोल तुम्हाला सहा आठवडे आधी दिसला तर फोन करायला, मुदत मागायला, काम शोधायला वेळ मिळतो. माझा साक्रीचा मित्र गेला तेव्हा आमच्यापैकी कुणाकडे असं पान असतं, तर डिसेंबरातला तो फॉर्म ऑक्टोबरातच दिसला असता.

हप्ता आला की त्यातून एक मेस-महिना बाजूला काढा, वेगळ्या खात्यात, एटीएम कार्ड नसलेल्या. दुकानदारांनी तेच दुकानाच्या एका महिन्याच्या भाड्याचं करावं.

परवा त्या पोराने त्याच्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर चांगलं आहे. बारा आठवडे, दोन लाल गोल. एकच दुरुस्ती सांगितली. त्याने ‘येणार’च्या रकान्यात १० तारखेला ‘स्वयं हप्ता १५,०००’ असं पेनाने लिहिलं होतं. म्हटलं, ते पेन्सिलने लिही. खात्यावर मेसेज आला की मग पेन.

हप्ता आजपर्यंत आलेला नाही. पण मेस चालू आहे, आणि काल रात्री पावणेअकराला त्याने फोन केला तो मला विचारायला की खाड्यांची वही मोबाईलवर एक्सेलमध्ये कशी करायची. त्याचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात टाकतो.